हद्द न विचारणारा साहेब

सरकारी वकील म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे टेबलावर मूठ आपटणारा, आरोपीवर बोट रोखणारा कोणीतरी उभा राहतो. प्रत्यक्षात माझ्या नोकरीतला निम्मा वेळ साक्षीदार कुठे चहा प्यायला गेला हे शोधण्यात गेला, आणि उरलेला निम्मा, तो सापडेपर्यंत पंच कुठे गेला हे शोधण्यात. मुंबईच्या उपनगरांतल्या मॅजिस्ट्रेट कोर्टांत मी सहायक सरकारी अभियोक्ता होते. पदाचं नाव भारदस्त आहे, पण ते पूर्ण उच्चारणारा माणूस मला फक्त पगारपत्रकात भेटला. माझे सासरे शेवटपर्यंत 'आमची सून कोर्टात असते' एवढंच सांगायचे. त्यामुळे ऐकणाऱ्याला मी तिथे कोणत्या बाजूला उभी असते याचा उलगडा होत नसे.

अंधेरी, बोरिवली असं फिरत फिरत मी शेवटी पूर्व उपनगरातल्या एका कोर्टात स्थिरावले आणि तिथूनच निवृत्त झाले. आता सोसायटीतले लोक विचारतात, मॅडम, खुनाच्या केसेस सांगा ना. खून आमच्या कोर्टात फक्त पहिल्या रिमांडपुरते यायचे, पुढे ते सेशन कोर्टात जायचे. आमच्याकडे राहायच्या मोबाइलचोऱ्या, पार्किंगवरून झालेल्या मारामाऱ्या आणि माझे लाडके तोतये. तोतया हा आपल्याकडे फार मानाचा शब्द आहे. पूर्वी गादीवर हक्क सांगायला तोतये उभे राहायचे. आताचे फरसाणावर हक्क सांगतात.

हे मी गमतीने म्हणत नाही. अंधेरीला माझ्याकडे एक केस होती. एक गृहस्थ गळ्यात निळ्या पट्टीचं ओळखपत्र अडकवून एका फरसाणवाल्याकडे यायचे, आपण अन्न निरीक्षक आहोत म्हणायचे आणि नमुना म्हणून दोन-दोन किलो माल घेऊन जायचे. ओळखपत्र कुठल्याशा जिमचं होतं. ते उलटं करून घातलं की काम भागायचं. फरसाणवाल्याने कित्येक महिने निमूटपणे नमुने दिले. मग एके दिवशी त्या गृहस्थांनी जाता जाता सांगितलं की परवाचा चिवडा खवट होता. फरसाणवाल्याने त्याच पावली पोलीस स्टेशन गाठलं. कोर्टात तो म्हणाला, फुकट न्यायचं तर न्या, पण मालाला नाव ठेवायचं नाही. मला त्याचं म्हणणं पटलं.

आता कायदा थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. घाबरू नका, परीक्षा नाही. तोतया अधिकाऱ्यासाठी दोन कलमं आहेत. जुन्या दंडसंहितेत ती एकशे सत्तर आणि एकशे एकाहत्तर होती, नव्या न्यायसंहितेत दोनशे चार आणि दोनशे पाच झाली. त्यातलं धाकटं कलम कपड्यांचं आहे. सरकारी माणसाचा गणवेश किंवा बिल्ला, लोकांना तो खरा वाटावा म्हणून अंगावर घातला, तर जास्तीत जास्त तीन महिने कैद किंवा दंड. जुन्या कायद्यात हा दंड दोनशे रुपयांपर्यंत होता. अंधेरीत तेवढ्यात गणवेशाला इस्त्रीसुद्धा महिनाभर होत नाही. नव्या कायद्याने तो पाच हजारांपर्यंत नेला.

थोरलं कलम वेगळं आहे. नुसतं 'मी साहेब आहे' म्हणून फुशारकी मारलीत तर ते लागत नाही. तसं असतं तर आपल्याकडच्या निम्म्या लग्नांतली वरपक्षाची मंडळी आत गेली असती. पद आपल्याकडे नाही हे ठाऊक असताना ते असल्याचं भासवायचं, आणि वर त्या पदाच्या नावाखाली काहीतरी कृती करायची, या दोन्ही गोष्टी लागतात. कृती वाईटच असली पाहिजे, असं कलम म्हणत नाही. फसवणूक हवी, पैसा हवा, असंही म्हणत नाही. कृती झाली की पुरे. जुन्या कायद्यात नुसत्या दंडावर सुटका व्हायची सोय होती. नव्यात किमान सहा महिने कैद, जास्तीत जास्त तीन वर्षं आणि शिवाय दंड. थोडक्यात, पद नसताना काम करणं हा गुन्हा आहे. पद असताना काम न करण्याबद्दल इतकं सुटसुटीत कलम मला नोकरीभर सापडलं नाही.

लोक फसतात कसे, हे मला फार काळ कळत नव्हतं. ते मला मुलुंडच्या एका निवृत्त बँक मॅनेजरांनी शिकवलं. त्यांना फोनवर 'डिजिटल अटक' झाली होती. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही, तरी हे गृहस्थ दोन दिवस मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर बसून होते आणि बाथरूमला जाताना फोनमधल्या इन्स्पेक्टरची परवानगी घेत होते. फोनमध्ये कोर्टसुद्धा होतं आणि न्यायाधीश सांगितलेल्या वेळेला बरोबर येऊन बसले होते. मी म्हटलं, तिथेच संशय यायला हवा होता. ते काही हसले नाहीत. मी विचारलं, तुम्ही आयुष्यभर लोकांच्या सह्या तपासल्यात, मग यांना खरं कसं मानलंत? ते म्हणाले, 'मॅडम, ते माझ्याशी इतके उद्धट बोलत होते की खोटे असतील असं वाटलंच नाही.'

तोतयांना शाळा नसते असं मी समजत होते. ती होती, आणि ती आमच्याच लोकांनी चालवली होती. वर्षानुवर्षं कोणी ओळखपत्र मागितलं की 'मला विचारतोस?' म्हणून डोळे वटारायचे, प्रश्न विचारणाऱ्याला बाकावर बसवून ठेवायचं. मग लोक विचारायचं सोडून देतात. तोतयाला एवढंच हवं असतं.

पण हे सगळे किरकोळ. ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला बसले तो तोतया यांच्यात बसत नाही, आणि त्याला शिक्षा मी मिळवून दिली.

त्याचं नाव स्वप्नील धरून चालू. कांजूरमार्गच्या एका चाळवजा वस्तीत आईबरोबर राहायचा. फौजदाराच्या परीक्षेला बसत होता आणि दर वेळी थोडक्यात राहत होता. शेवटच्या वेळी निकाल लागला तेव्हा आई इतक्या आशेने दारात उभी होती की त्याच्या तोंडून 'झालो' निघून गेलं. संध्याकाळपर्यंत गल्लीत पेढे वाटून झाले. पेढे परत गोळा करता येत नाहीत. त्याने दोन ताऱ्यांचा गणवेश आणला. ट्रेनिंगला म्हणून काही महिने मित्राकडे राहिला आणि परत आल्यावर रोज सकाळी तो गणवेश घालून घरून निघायला लागला. पवईला पोहोचला की एका ऑफिसच्या इमारतीच्या तळघरात कपडे बदलायचा आणि सिक्युरिटी गार्डच्या ड्यूटीवर उभा राहायचा. दोन्ही गणवेश कोर्टात पुरावा म्हणून आले होते. सांगायला लाज वाटते, पण गार्डचा जास्त रुबाबदार होता. त्याच्यावर दोऱ्या, झालर, शिट्टी सगळं होतं.

असं वर्षभर चाललं. त्या वर्षात त्याने कोणाकडून फुकट वडापावसुद्धा खाल्ला नाही. गल्ली त्याला साहेब म्हणायची, तो मान खाली घालून जायचा. इथवर त्याचा गुन्हा धाकट्या कलमातला होता.

त्याच गल्लीत राधाबाई परब राहायच्या. सत्तरी उलटलेल्या, एकट्या, मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, तो जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. मसाले कुटून देऊन त्यांचं भागायचं. गणपतीला त्या गावी गेल्या, तशी निम्मी गल्ली गेली. कोकणातल्या माणसांची ही सवय मुंबईत सगळ्यांना ठाऊक असते, खोल्या बळकावणाऱ्यांना तर पाठ असते. वस्तीच्या पुनर्विकासाचं बोलणं सुरू होतं आणि बिल्डरचा एक माणूस तिथे फिरायचा. त्याला बाळाशेठ म्हणायचे. गौरी-गणपती करून राधाबाई परत आल्या तेव्हा त्यांच्या दाराला दुसरंच कुलूप होतं, त्यांची पेटी, पातेली आणि मसाल्याचं उखळ बाहेर ओट्यावर होतं. बाळाशेठ म्हणाला, तुमच्या पुतण्याने खोली मला विकली. पुतण्या कोणाला सापडेना.

राधाबाई पोलिसांकडे गेल्या. इथे 'हद्द' हा शब्द समजून घ्यायला हवा. प्रत्येक पोलीस ठाण्याचा इलाखा ठरलेला असतो, त्याला हद्द म्हणतात. तक्रारदार दारात आला की पाणी विचारण्याआधी हद्द विचारतात. राधाबाईंची गल्ली दोन ठाण्यांच्या मधल्या नाल्यावर होती. ठाण्यांची नावं सांगत नाही, मला पेन्शन घ्यायची आहे. पहिल्या ठाण्याने सांगितलं, दार नाल्याच्या पलीकडे उघडतं, पलीकडच्यांकडे जा. पलीकडच्यांनी सांगितलं, मोरी अलीकडे आहे, अलीकडच्यांकडे जा. नव्या कायद्याने हद्द कुठलीही असो, तक्रार घेणं बंधनकारक केलंय. हे राधाबाईंना माहीत नव्हतं आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी सांगितलं नाही. वर दोन्हीकडे सल्ला एकच मिळाला, की बाई, हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा. त्या ओट्यावर पेटीला टेकून राहिल्या. गल्लीतले लोक जेवण आणून देत होते.

शेवटी त्या स्वप्नीलच्या आईकडे गेल्या. आईने मुलाला सांगितलं, अरे, तू साहेब ना, मग आजींसाठी एवढं कर. आता त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या. एक तर आईला खरं सांगायचं, नाहीतर जायचं. त्याने गणवेश चढवला आणि गेला.

पुढचं सगळ्या साक्षीदारांनी सारखंच सांगितलं, आणि असं माझ्या नोकरीत फार क्वचित घडलं. त्याने दारासमोर उभं राहून बाळाशेठला बोलावून घेतलं, विक्रीचा कागद मागितला, तो नव्हता. मग म्हणाला, कुलूप काढा. बाळाशेठने काढलं. म्हणाला, सामान आत ठेवा. बाळाशेठच्या माणसांनी ठेवलं. उखळ चुकीच्या कोपऱ्यात ठेवलं होतं, तेही त्याने उचलून जागेवर ठेवायला लावलं. राधाबाईंना खोली मिळाली. साहेब म्हणून त्याने आयुष्यात एवढं एकच काम केलं, आणि त्या कामाने त्याला थोरल्या कलमात नेऊन बसवलं.

तक्रार कोणी केली, हे सुज्ञ वाचकांच्या लक्षात आलं असेल. बाळाशेठ पोलिसांत गेला. त्याची तक्रार लगेच घेतली गेली. हद्द कोणीच विचारली नाही. उलट तोतया फौजदार पकडला म्हणजे पेपरात फोटो येणार, तेव्हा नाल्याच्या दोन्ही बाजूंची ठाणी, तो आमच्याच हद्दीत येतो म्हणून एकमेकांशी भांडली. मोरीचं कारण सांगणाऱ्यांची सरशी झाली. स्वप्नीलला घरातून नेलं, आईदेखत, आणि गणवेश खुंटीवरून काढून पंचनाम्यात घेतला. पुढे त्याला जामीन मिळाला, पण गार्डची नोकरी गेली. कारण गार्डला चारित्र्याचा दाखला लागतो.

बाळाशेठ माझा साक्षीदार क्रमांक एक. केसमध्ये साक्षीदार आपल्याला निवडता येत नाहीत, जसे नातेवाईक येत नाहीत. पांढरे बूट घालून आला होता. बचाव पक्षाच्या वकिलांनी त्याला उलटतपासात विचारलं की आरोपी खोटा आहे, हा संशय तुम्हाला आला कशावरून? तो म्हणाला, 'सर, मी वीस वर्षं लाइनमध्ये आहे. या साहेबाने हद्द विचारली नाही. चहा मागवला, घेतला नाही. दुसऱ्या दिवशी पाकीट पाठवलं तर परत आलं. मी पोरांना बोललो, हा पोलीस नाहीये रे.'

कोर्टात कोणी हसलं नाही, कारण कोर्टात हसायचं नसतं. तपास अधिकारी शेजारीच बसले होते, ते आपल्या टोपीकडे बघायला लागले. मॅजिस्ट्रेट साहेबांनी स्टेनोला सांगितलं, लिहा, 'आरोपीचे वर्तन नेहमीच्या पोलीस अधिकाऱ्याप्रमाणे नसल्याने मला संशय आला.' साक्ष अशीच लिहिली जाते. माणूस बोलतो एक आणि कागदावर उतरतं ते धुऊन, इस्त्री करून. पण हे वाक्य इस्त्री केल्यावर जास्तच बोचरं झालं.

राधाबाईंच्या कुलपाच्या तक्रारीचं काय झालं, असं मी मधल्या सुट्टीत तपास अधिकाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, मॅडम, ती बाजू दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत येते.

मग राधाबाईंची पाळी आली. आमच्या घरची बोली मराठवाड्याची, मालवणी मला साक्षीदारांनी शिकवली. साक्षीच्या आधी मी त्यांना व्हरांड्यात भेटले आणि नेहमीचं सांगितलं, जे पाहिलं तेवढं सांगा, घाबरू नका. त्या म्हणाल्या, मी कशाला घाबरू, माझ्या झिलासारख्या पोराचं चांगलं सांगायला आलेय. त्यांची समजूत अशी झाली होती की पोराने किती चांगलं काम केलं हे कोर्टाला कोणी सांगितलेलं नाही, आपण सांगितलं की कोर्ट त्याला सोडेल. मी काय करायला हवं होतं? साक्षीदाराला कायदा समजावून सांगून साक्ष वळवणं हे माझं काम नव्हतं, आणि मी ते केलं नाही.

त्यांनी सगळं सांगितलं. गणवेश होता का? होता, कडक इस्त्रीचा. तो कोण म्हणून आला? पोलीस म्हणून. काय केलं? कुलूप काढायला लावलं. प्रत्येक उत्तराबरोबर त्यांची मान ताठ होत होती आणि प्रत्येक उत्तराबरोबर माझी केस पक्की होत होती.

बचावाचे वकील तरुण होते पण हुशार होते. थोरल्या कलमातून सुटायची एकच फट होती, ती त्यांनी हेरली. कृती पदाच्या नावाखाली झालीच नाही, शेजारधर्म म्हणून झाली असं दाखवलं की उरतं ते कपड्यांचं कलम, म्हणजे दंडावर सुटका. ते उठले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, 'आजी, स्वप्नील तुमचा शेजारी. शेजारी म्हणून आला होता ना? बाळाशेठला त्याने हात जोडून विनंती केली, बरोबर?'

मी मनातल्या मनात म्हटलं, हो म्हणा. सरकारी वकिलाने असं म्हणायचं नसतं. पण राधाबाईंना त्या प्रश्नात पोराचा अपमान दिसला. पिंजऱ्याच्या कठड्यावर त्यांनी हात आपटला.

'इनंती कसली? हुकूम केल्यान तेनी. इनंती मी दोन्ही ठाण्यांत करून इल्लंय, कोणी ऐकूक नाय. ह्यो एकटोच पोलीसासारखो उभो रवलो.'

वकील खाली बसले. मॅजिस्ट्रेट साहेबांनी मला फेरतपासणीचं विचारलं. मी नाही म्हटलं. त्यानंतर विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आरोपीच्या बाकावर स्वप्नील डोळे पुसत होता, आणि मला वाटतं तो शिक्षेच्या भीतीने रडत नव्हता. त्याला पहिल्यांदाच कोणीतरी शपथेवर पोलीस म्हटलं होतं.

राधाबाई खाली उतरून माझ्याजवळ आल्या. 'सगळा खरा सांगलंय, बाई. आता सुटतलो मा तो?' मी म्हटलं, निकाल साहेबांच्या हातात आहे. खोटं नव्हतं ते. पण केस जिंकत आल्याचा मला त्या दिवशी जेवढा संताप आला तेवढा हरलेल्या केसचा कधी आला नव्हता.

युक्तिवाद मी केला. तो चांगला झाला, कारण करायला काही अवघड नव्हतंच. पद नव्हतं, ते माहीत होतं, गणवेश होता, हुकूम होता. आरोपीचा हेतू चांगला होता हेही मी सांगितलं, पण कलमाला हेतूची गरज नाही हेसुद्धा मलाच सांगावं लागलं. निकाल राखून ठेवला गेला आणि दरम्यान महिनाअखेरीला मी निवृत्त झाले. सहकाऱ्यांनी श्रीफळ दिलं, शाल दिली, आणि माझ्या टेबलामागच्या खुर्चीवर दुसऱ्या दिवसापासून नवीन मॅडम बसायला लागल्या.

निकालाच्या दिवशी मी घरी राहू शकले असते. राहवलं नाही. साडी नेसून, पब्लिकच्या बाकावर, राधाबाईंच्या शेजारी बसले. त्यांनी काळा कोट कुठे गेला म्हणून विचारलं, तेव्हा सांगितलं की मी आता रिटायर झाले. निकाल वाचला गेला. दोनशे चारखाली दोषी. सहा महिने, म्हणजे कायद्याने देता येईल तेवढी कमीत कमी शिक्षा, आणि थोडा दंड. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडा अशी वकिलांनी विनंती केली होती, पण गणवेशावरचा जनतेचा विश्वास हा विषय गंभीर आहे म्हणून ती फेटाळली गेली. जनतेच्या विश्वासाची बाजू घेणारा तो परिच्छेद फार छान लिहिला होता. स्वप्नीलची आई भिंतीला धरून उभी होती. त्याला नेताना तो तिला फक्त एवढंच म्हणाला की अपील आहे, जेव.

राधाबाईंना कळेना. त्यांनी मला दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा मी तेच सांगितलं. मग त्या पाणी प्यायला म्हणून व्हरांड्यात गेल्या. मी वकिलांशी अपिलाचं बोलून बाहेर आले तर बाळाशेठ त्यांच्यासमोर उभा होता. मला बघून तो जिन्याकडे सरकला. काय म्हणाला तो, मी राधाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, 'तो म्हणता, साहेब खोटो ठरलो, मगे त्येनी उघडलेला कुलूपय खोटा. गणपतीक निवांत गावाक जा म्हणता. बाई, म्हणजे मी आता भायर जावक व्हया काय?'

त्यांनी हे खरोखर विचारलं. भांडायला नाही, माहिती म्हणून. कोर्टाने पोराला खोटं ठरवलं, आणि कोर्टाचा मान राखायचा तर आपणही घर सोडायला हवं की काय, असं त्या विचारत होत्या. मी म्हटलं, अजिबात नाही, घर तुमचंच आहे. त्या म्हणाल्या, लिहून द्या. काय लिहून देणार मी? माझ्याकडे शिक्का नव्हता, लेटरहेड नव्हतं, आणि कोणत्या ठाण्यात पाठवायचं म्हटलं तर नाला मध्ये होताच.

मी जिन्यापाशी गेले. आवाज मात्र नोकरीतलाच शिल्लक होता.

'बाळाशेठ, इकडे या. मी सरकारी वकील. ओळखलंत ना?'

'हो मॅडम.'

'राधाबाईंची खोली आता कोर्टाच्या रेकॉर्डवर आहे. तुम्ही शपथेवर सांगितलंय की विक्रीचा कागद तुमच्याकडे नव्हता. त्या दाराला पुन्हा दुसरं कुलूप दिसलं तर आरोपी क्रमांक एक तुम्ही. केस मी स्वतः चालवीन. यापुढे त्या गल्लीत पाय ठेवायचा नाही. हा माझा हुकूम आहे असं समजा.'

वीस वर्षं लाइनमध्ये असलेला तो माणूस एका दमात दोनदा सॉरी म्हणाला आणि पांढऱ्या बुटांनी जिना उतरून गेला. ओळखपत्र त्याने मागितलं नाही. काळा कोट कुठे, असंही विचारलं नाही. मी फार उद्धट बोलले होते.

तो गेल्यावर मी मनातल्या मनात कलम लावून पाहिलं. पद नाही, ते नसल्याचं मला पुरेपूर माहीत, ते असल्याचं भासवलं, आणि त्या नावाखाली एका नागरिकाला हुकूम सोडला. आत माझ्या खुर्चीवर खऱ्या सरकारी वकील बसल्या होत्या. घटक सगळे पूर्ण, किमान सहा महिने. आणि ज्या हुकमासाठी मी त्या पोराला आत पाठवलं होतं, त्यापेक्षा माझा हुकूम काही वेगळा नव्हता. मी मागे वळले. राधाबाई खांबाला टेकून उभ्या होत्या, हातभर अंतरावर. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

'तुम्ही रिटायर झालास मा, बाई?' त्यांनी हळूच विचारलं.

मी हो म्हटलं. कोणी विचारलं तर जे पाहिलं ते खरं सांगा, हेही सवयीने तोंडून निघून गेलं.

त्यांनी एकदा जिन्याकडे बघितलं. मग पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, 'एकदा खरा सांगून बघलंय. आता मी म्हातारी, कान पार गेलेत माझे. माका काय ऐकाक येवक नाय.'